बोर्डावर एक तरी बाई हवी : नियम नक्की काय आहे आणि कंपन्या कुठे अडकतात

नोंदवही

महिला संचालकाचा नियम येऊन दहा वर्षं होऊन गेली, तरी तिमाही संपली की शेअर बाजारांच्या दंडाच्या यादीत हे कारण दिसतंच. बऱ्याचदा त्यामागे वाईट हेतू नसतो. दोन वेगळे नियम एकच समजले की असा घोळ होतो. म्हणून आधी ते दोन सुटे करू.

पहिला नियम कंपनी कायदा २०१३ मधला. कलम १४९(१) च्या दुसऱ्या परंतुकानुसार ठरावीक वर्गातल्या कंपन्यांना किमान एक महिला संचालक लागते. हे वर्ग २०१४ च्या संचालक नेमणूक नियमांतल्या नियम ३ मध्ये आहेत : प्रत्येक सूचीबद्ध (शेअर बाजारात नोंदलेली) कंपनी, शिवाय भरणा झालेलं भागभांडवल १०० कोटी किंवा अधिक असलेली, अथवा उलाढाल ३०० कोटी किंवा अधिक असलेली पब्लिक कंपनी. आकडे शेवटच्या लेखापरीक्षित ताळेबंदाचे घ्यायचे. ही बाई कोणत्याही प्रकारची संचालक चालते. पूर्णवेळ, नॉमिनी (बँकेसारख्या कुणी पाठवलेली), प्रवर्तकाची (कंपनीच्या मूळ मालकाची) पत्नी, कुणीही.

दुसरा नियम सेबीच्या (शेअर बाजाराच्या नियामकाच्या) एलओडीआर मधला, म्हणजे सूचीबद्ध कंपन्यांच्या विनियमावलीतला, विनियम १७(१)(अ). उदय कोटक समितीच्या २०१७ च्या अहवालानंतर २०१८ मध्ये त्यात बदल झाला. बाजारमूल्याने पहिल्या ५०० कंपन्यांना १ एप्रिल २०१९ पासून आणि पहिल्या १००० कंपन्यांना १ एप्रिल २०२० पासून किमान एक *स्वतंत्र* (प्रवर्तकांशी नातं वा कंपनीशी आर्थिक संबंध नसलेली) महिला संचालक सक्तीची झाली. इथे प्रवर्तकाची पत्नी चालत नाही.

आता अडचणी लिहा.

आकडेमोड

चांगला धागा. भागभांडवलाबद्दल एक पुस्ती जोडतो, कारण तिथे हमखास चूक होते. १०० कोटी म्हणजे फक्त भरणा झालेलं भांडवल, शेअर प्रीमियम त्यात धरायचा नाही. १० रुपये दर्शनी किमतीचा शेअर २०० रुपयांना दिला असेल तर भांडवलात १० च जातात, उरलेले १९० राखीव निधीत. नेटवर्थ (भांडवल अधिक राखीव निधी) ४०० कोटी आणि भांडवल २० कोटी असलेली पब्लिक कंपनी पहिल्या निकषात बसत नाही. पण त्याच कंपनीची उलाढाल ३१० कोटी असेल तर दुसऱ्या निकषातून आत येते. दोनपैकी एक पुरे.

प्रायव्हेट लिमिटेडला हे लागू नाही. फक्त एक फट आहे : प्रायव्हेट कंपनी एखाद्या पब्लिक कंपनीची उपकंपनी असेल तर कलम २(७१) प्रमाणे ती पब्लिकच धरली जाते. नावात 'प्रायव्हेट' असल्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही, आणि उलाढाल ३०० कोटींपुढे गेली की नियम मोडलेला असतो.

खटपट्या

आणखी एक सापळा. एलओडीआरच्या विनियम १५(२) मध्ये छोट्या कंपन्यांना सूट आहे : भांडवल १० कोटींपर्यंत *आणि* नेटवर्थ २५ कोटींपर्यंत. एसएमई मंचावर (छोट्या-मध्यम कंपन्यांच्या बाजारात) सूचीबद्ध असलेल्यांनाही विनियम १७ मधून सूट आहे. लगेच निष्कर्ष निघतो, 'आपल्याला महिला संचालकातून सूट'. चूक. सूट सेबीच्या नियमातून मिळाली, कायद्यातून नाही. एसएमई मंचावर शेअर असलेली कंपनी कायद्याच्या दृष्टीने सूचीबद्धच असते, त्यामुळे नियम ३ तिला लागतो. बाजाराकडून दंड येत नाही, म्हणून कुणी विचारत नाही. विचारतो तो आरओसी (कंपनी निबंधक), तोही तपासणीच्या वेळी, आणि तोवर दिवस मोजले जातात.

उलट, ज्यांचे फक्त प्रायव्हेट प्लेसमेंटने (निवडक गुंतवणूकदारांना) दिलेले डिबेंचर म्हणजे कर्जरोखे सूचीबद्ध आहेत त्यांना १ एप्रिल २०२१ पासून 'सूचीबद्ध कंपनी'च्या व्याख्येतून वगळलं आहे. मात्र त्या १००/३०० कोटींच्या निकषात बसल्या तर तिथून पकडल्या जातातच.

मुळामुठा

@आकडेमोड, दंड किती ते पण लिहा ना. लोकांना आकडा दिसला की पटतं.

आकडेमोड

घ्या.

कायद्याखाली : या कलमाला स्वतंत्र शिक्षा नाही, म्हणून कलम १७२ लागतं. कंपनी आणि दोषी अधिकारी, प्रत्येकी ५०,००० रुपये, चूक चालू राहिली तर पुढे रोज ५०० रुपये. कमाल मर्यादा कंपनीला ३ लाख, अधिकाऱ्याला १ लाख.

सेबीखाली : विनियम १७(१) मोडला तर रोज ५,००० रुपये, आणि हा दंड शेअर बाजार आकारतो. जुलै ते सप्टेंबर तिमाहीचे ९२ दिवस. ९२ × ५,००० = ४,६०,०००. वर १८ टक्के जीएसटी ८२,८००. एकूण ५,४२,८००. सरकारी तेल-वायू कंपन्यांना दंड झाल्याच्या बातम्यांत हाच आकडा एकसारखा दिसायचा, तो असा येतो.

पैसा मोठ्या कंपनीला किरकोळ आहे. खरं दुखतं ते पुढे. सलग दोन तिमाह्या असंच राहिलं तर शेअर 'झेड' गटात जाऊ शकतो, तिथे प्रत्येक सौद्याची डिलिव्हरी घ्यावी लागते, आणि प्रवर्तकांचे शेअर गोठवले जातात. गहाण शेअर सोडवायचे किंवा विकायचे असताना हे झालं की मालक सीएसला (कंपनी सेक्रेटरीला) रात्री अकरा वाजता फोन करतो.

सेबीच्या दंडाचं सुरुवातीचं कोष्टक याहून मजेदार होतं. मुदत आधी १ ऑक्टोबर २०१४ होती, ती ३१ मार्च २०१५ पर्यंत वाढवली. मग ८ एप्रिल २०१५ च्या परिपत्रकात पायऱ्या लावल्या : जूनअखेर नेमणूक केली तर सरसकट ५०,०००. सप्टेंबरअखेर केली तर ५०,००० अधिक १ जुलैपासून रोज १,०००. त्यानंतर केली तर १,४२,००० अधिक १ ऑक्टोबरपासून रोज ५,०००. ही १,४२,००० संख्या म्हणजे ५०,००० अधिक ९२ दिवसांचे ९२,०००. बाकी गूढ काही नाही.

दुपारचा_चहा

सरकारी कंपन्यांचं काय कौतुक. नियम सरकारचा, नेमणूक सरकारची, दंड सरकारी कंपनीला, आणि कंपनीचं उत्तर ठरलेलं : 'आमच्या नियमावलीनुसार संचालक नेमण्याचा अधिकार राष्ट्रपतींचा आहे, मंडळाच्या हातात काही नाही, सबब दंड माफ करावा.' उत्तर खोटंही नाही, हीच तर गंमत.

नोंदवही

रिकाम्या जागेच्या मुदतीबद्दल लिहितो, कारण सध्या सगळ्यात जास्त गडबड इथे आहे.

कायद्यात (नियम ३) : महिला संचालकाची जागा मध्येच रिकामी झाली तर पुढची बोर्ड मीटिंग किंवा तीन महिने, यातलं जे *नंतरचं* तोपर्यंत भरायची. दोन मीटिंगांत १२० दिवसांपर्यंत अंतर चालतं, म्हणजे कायदा कधीकधी चार महिने देतो.

सेबीत २०२३ मध्ये विनियम १७(१ई) आला. तो सरळ तीन महिने म्हणतो. सूचीबद्ध कंपनीने हीच मुदत धरायची.

आता खाच. याच १७(१ई) ला परंतुक आहे : संचालकाच्या पदाची मुदत *संपल्यामुळे* जागा रिकामी होऊन मंडळ नियमबाह्य ठरत असेल तर तीन महिने मिळत नाहीत. जागा रिकामी होण्याच्या तारखेपर्यंत नवी व्यक्ती हवी. तर्क बरोबर आहे. राजीनामा अचानक येतो, मुदत कधी संपणार हे पाच वर्षं आधी माहीत असतं.

स्वतंत्र संचालकाला पाच-पाच वर्षांच्या जास्तीत जास्त दोन मुदती, मग तीन वर्षं बाहेर. मार्च २०१५ च्या शेवटच्या आठवड्यात मुदत गाठायला म्हणून ज्या स्वतंत्र महिला संचालक आल्या आणि दोन्ही मुदती टिकल्या, त्यांची दहा वर्षं मार्च २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात संपली. सगळ्या एकदम. ज्यांनी हे 'राजीनाम्यासारखंच, तीन महिने आहेत' असं धरलं, त्यांना पदाची मुदत संपल्यापासूनच रोजचे ५,००० सुरू.

उपाय कंटाळवाणा आहे : प्रत्येक स्वतंत्र संचालकाच्या मुदतीची तारीख एका तक्त्यात, आणि तारखेच्या नऊ महिने आधी नामनिर्देशन व मोबदला समितीच्या अजेंड्यावर विषय.

सप्ततारा

नऊ महिने कशाला, असं वाटेल. उलटं मोजा. बोर्डाने अतिरिक्त संचालक म्हणून नेमलं तरी विनियम १७(१सी) प्रमाणे भागधारकांची मंजुरी पुढच्या सर्वसाधारण सभेत किंवा तीन महिन्यांत, जे *आधी* तोपर्यंत. वार्षिक सभा लांब असेल तर पोस्टल बॅलट (सभेविना मतदान). त्यात मतदानालाच ३० दिवस जातात, वर नोटीस तयार करणं, रजिस्ट्रारकडून भागधारकांची यादी, पाठवणी. म्हणजे बोर्डाच्या ठरावानंतर महिनाभरात नोटीस बाहेर पडली तर निभावतं, दोन महिन्यांनी पडली तर नाही. स्वतंत्र संचालकाला विशेष ठराव लागतो, टाकलेल्या मतांत बाजूची मतं विरोधाच्या तिप्पट. २०२२ अखेरपासून पर्याय आहे : विशेष ठराव पडला, पण एकूण मतांत बहुमत बाजूने आणि सार्वजनिक भागधारकांच्या मतांतही बहुमत बाजूने, तर मंजूर धरतात.

पहिल्या हजारांची यादीही आता ३१ डिसेंबरला ठरते, १ जुलै ते ३१ डिसेंबरच्या सरासरी बाजारमूल्यावर. नव्याने यादीत आलात तर १ एप्रिलपर्यंत तयारी, म्हणजे हातात तीन महिने. आणि एकदा आत आलात की एका वर्षी घसरल्याने सुटका नाही, सलग तीन वर्षं बाहेर राहावं लागतं. ११०० व्या क्रमांकाच्या आसपास असलेल्यांनी नाव आधीच शोधून ठेवलेलं बरं.

गावठाण

सगळं ठीक, पण २०१५ मध्ये काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. बायको, सून, मुलगी, बहीण. कागदावर टिकमार्क. एवढ्या कागदी खटाटोपातून बोर्डात काय बदललं?

नोंदवही

@गावठाण, म्हणूनच 'स्वतंत्र' हा शब्द घातला. नाती दोन चाळण्यांतून जातात. कायद्याच्या कलम २(७७) मधले 'नातेवाईक' : नवरा-बायको, आई, वडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ, बहीण, आणि एकत्र कुटुंबाचे सदस्य. सावत्रही धरून. दुसरी चाळणी प्रवर्तक समूहाची. त्यात जोडीदाराचे आईवडील, भाऊ-बहिणीही येतात, म्हणजे सासू आणि मेव्हणी गेल्या.

दुपारचा_चहा

आणि वहिनी?

नोंदवही

भावाची बायको दोन्ही याद्यांत थेट नाही. एकत्र कुटुंबातून आली किंवा प्रवर्तक समूहात तिची भागधारणा दाखवली असेल तर गोष्ट वेगळी. मसुदा लिहिणाऱ्यांच्या घरी वहिनीचं काही चालत नसावं.

तरी नातं नाही म्हणजे स्वतंत्र, असं नाही. कंपनीशी आर्थिक व्यवहार, ऑडिट वा सल्लागार फर्मशी संबंध, मतदानाची टक्केवारी या अटी आहेतच. आणि सगळ्यात वर 'मंडळाच्या मते सचोटीची व्यक्ती' ही अट. वहिनीला स्वतंत्र म्हणून आणलं तर भागधारकांना मतदानाचा सल्ला देणाऱ्या संस्था विरोधात मत द्यायला सांगतील, आणि विशेष ठरावात ते महागात पडतं.

उत्तरायण

@गावठाण यांचा प्रश्न मला नियमाच्या रचनेत दिसतो. आपण 'एक' ही संख्या धरली, प्रमाण नाही. पहिल्या २००० कंपन्यांना किमान सहा संचालक लागतात. सहात एक म्हणजे १६.७ टक्के. मंडळ बारांचं झालं तरी सक्ती एकाचीच, म्हणजे ८.३.

नॉर्वेने २००३ मध्ये कायदा केला आणि जुन्या पब्लिक कंपन्यांना २००८ च्या सुरुवातीपर्यंत मुदत दिली. तिथे मंडळाच्या आकाराप्रमाणे पायऱ्या आहेत : चार-पाच जणांत दोन्ही बाजूंचे किमान दोन, सहा ते आठ जणांत तीन, नऊ जणांत चार, त्यापुढे ४० टक्के. न पाळल्यास शेवटचा उपाय दंड नव्हे, कंपनीचं विसर्जन. त्यामुळे पाळलं गेलं, आणि काही कंपन्यांनी पब्लिक हे रूपच सोडलं. त्याच सहा जणांच्या मंडळात ओस्लोत तीन, मुंबईत एक.

आपल्याकडे महाराष्ट्रातल्या सहकारात तर दोन जागांची पद्धत रुळलेली आहे. व्यक्ती सभासद असलेल्या संस्थेच्या समितीत महिलांना दोन जागा राखीव, एकूण समिती सर्वसाधारणपणे २१ पर्यंत. पतसंस्था, साखर कारखाना, सगळीकडे पॅनेलच्या पत्रकावर शेवटी 'महिला राखीव' म्हणून दोन फोटो असतात. तिथेही 'साहेबांच्या घरातली' हा प्रश्न आहेच. फरक एवढाच की तिथे मत मागायला गावोगाव फिरावं लागतं.

सप्ततारा

एकच बाई असली की ती कुठल्या समितीत आहे ते पाहा. बोर्डाच्या कोरमला (गणपूर्तीला) स्वतंत्र संचालक लागतो, महिला लागत नाही. मग तिचं वजन ठरतं ते समितीत. वार्षिक अहवालातला कॉर्पोरेट गव्हर्नन्सचा भाग उघडा, तीन तक्ते : हजेरी, समित्यांचे सदस्य, कौशल्यांचा तक्ता. सीएसआर (सामाजिक जबाबदारी) समितीत आहे पण लेखापरीक्षण समितीत नाही, कौशल्याच्या रकान्यात 'सामाजिक कार्य' एवढंच, हजेरी सहापैकी तीन, तर काय समजायचं ते समजा. तिन्ही तक्त्यांना मिळून दहा मिनिटं लागतात.

जास्वंद

जिला प्रस्ताव आला आहे तिच्या बाजूने कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

होकार देण्याआधी मागायचं : मागच्या तीन वर्षांचे वार्षिक अहवाल, आठ तिमाह्यांची बोर्ड आणि लेखापरीक्षण समितीची इतिवृत्तं (गोपनीयतेचा करार करून), आकस्मिक दायित्वांची यादी, नात्यातल्या पक्षांशी झालेले व्यवहार, प्रवर्तकांचे गहाण शेअर, आणि मागचे संचालक व ऑडिटर का गेले. स्वतंत्र संचालकाच्या राजीनाम्याचं कारण बाजाराकडे जाहीर करावं लागतं, ते पत्र वेबसाइटवर असतं. वाचा. 'वैयक्तिक कारण' असं वर्षात तिघांनी लिहिलं असेल तर थांबा. डी अँड ओ विमा (संचालक आणि अधिकाऱ्यांवरच्या दाव्यांसाठीचा) पहिल्या हजारांना सक्तीचा आहे. पॉलिसीची प्रत मागा, रक्कम आणि अपवाद दोन्ही पाहा.

स्वतःची बाजूही तपासा. नवऱ्याच्या किंवा दिराच्या प्रायव्हेट कंपनीत वर्षानुवर्षं नावाला संचालक आहात का? त्या कंपनीने सलग तीन वर्षं विवरणपत्रं भरली नसतील तर कलम १६४(२) ने पाच वर्षं अपात्रता येते. २०१७ मध्ये तीन लाखांहून जास्त संचालक असे अपात्र ठरले, आणि अनेकांना ते कळलं नवी नेमणूक करताना.

कागद : डीआयएन (संचालक ओळख क्रमांक) नसेल तर डीआयआर-३ अर्ज, आधी डिजिटल सही. नाव पॅनवर असेल तस्संच लागतं. लग्नानंतर आधारवर सासरचं, पॅनवर माहेरचं, पासपोर्टवर मधलं नाव गायब, अशी तीन नावं असतील तर अर्ज परत येतो. आधी पॅन दुरुस्त, मग बाकीचे, मग डिजिटल सही, मग अर्ज. हा क्रम उलटा केला तर डिजिटल सही पुन्हा काढावी लागते. रकान्यात वडिलांचं नाव लागतं, विवाहितेलाही. तिथे नवऱ्याचं नाव घातलं की परत. मग संमती डीआयआर-२, अपात्र नसल्याचं डीआयआर-८, हितसंबंधांचं एमबीपी-१, आणि कंपनीने ३० दिवसांत डीआयआर-१२.

मुळामुठा

स्वतंत्र संचालकांच्या डेटाबँकेचं राहिलं. मानेसरच्या आयआयसीए या सरकारी संस्थेकडे १ डिसेंबर २०१९ पासून आहे. नाव नेमणुकीच्या *आधी* नोंदवायचं. ऑनलाइन चाचणी दोन वर्षांत, ५० टक्के पुरेत (आधी ६० होते). दहा वर्षं प्रॅक्टिस असलेल्या सीए, सीएस, वकिलांना चाचणी माफ, नोंदणी माफ नाही. ही दोन वाक्यं लोक एकत्र करतात.

गावठाण

आणि मानधन? बायकांना तिथेही कमी?

मुळामुठा

सिटिंग फी मीटिंगमागे जास्तीत जास्त १ लाख. आणि नियमातच लिहिलंय की स्वतंत्र आणि महिला संचालकांची फी इतर संचालकांपेक्षा कमी नसावी. स्वतंत्र असेल तर नफ्यावर कमिशन चालतं, स्टॉक ऑप्शन नाही.

जास्वंद

@गावठाण, 'काय बदललं' याचं उत्तर मला इतिवृत्तात सापडतं. मीटिंगमध्ये विरोध केला आणि इतिवृत्तात 'चर्चेअंती एकमताने मंजूर' आलं तर विरोध झालाच नाही. स्वतंत्र संचालकावर कलम १४९(१२) खाली जबाबदारी येते ती माहिती असताना संमती दिली, किंवा दक्षता घेतली नाही तर. दक्षतेचा पुरावा म्हणजे इतिवृत्त.

पद्धत अशी. मीटिंगमध्येच स्पष्ट म्हणायचं, 'माझी असहमती नावानिशी आणि कारणासह नोंदवा.' 'मला जरा शंका आहे' असं म्हटलं तर ती चर्चा होते, असहमती होत नाही. सचिवीय मानक १ (बोर्ड मीटिंगांचे ठरलेले नियम) नुसार मसुदा १५ दिवसांत यायला हवा, आणि आल्यापासून ७ दिवसांत हरकत कळवायची. ती ईमेलने, कलमाचा क्रमांक आणि हवं ते वाक्य तयार लिहून : 'विषय ११ : अमुक यांनी मूल्यांकन अहवाल सभेत पहिल्यांदाच समोर आल्याच्या कारणास्तव ठरावास असहमती नोंदवली.' फक्त 'कृपया दुरुस्त करावे' लिहिलं की सीएस आपल्या शब्दांत लिहितो, आणि त्याचे शब्द मवाळ असतात. अंतिम नोंद ३० दिवसांत. सही झालेली प्रत मागून घ्यायची, मसुदा नव्हे.

खटपट्या

@जास्वंद, ७ दिवस उलटून गेले तर?

जास्वंद

मसुदा मान्य धरला जातो. तरी पत्र पाठवा, अध्यक्षांना आणि सीएसला, आणि पुढच्या मीटिंगमध्ये मागील इतिवृत्ताचा विषय आला की तोंडी पुन्हा सांगून ते *त्या* मीटिंगच्या इतिवृत्तात घ्यायला लावा. जुनं पान बदलत नाही, पण तारखेसह नोंद राहते. या वेळी मसुद्याची वाट न बघता त्याच संध्याकाळी वाक्य ईमेल करा.